पनवेलहून रेवदंडा : एका दिवसाची सहल

आमच्या वसाहतीच्या वर्षभराच्या गाड्या ठरलेल्या आहेत. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २५ डिसेंबरला पुन्हा महाड आणि ज्याची रजा व पैसा जमेल त्याने अशोक विजयादशमीला नागपूर. या गाड्या आम्ही कधी चुकवल्या नाहीत व पुढेही चुकणार नाहीत. परंतु दोन वर्षांपूर्वी महाडहून परतताना आमच्या सौभाग्यवतींनी एक प्रश्न विचारला आणि माझ्यासारख्या वीस वर्षे मंडळाची चिटणिशी करणाऱ्या माणसाला उत्तर सुचले नाही. त्या म्हणाल्या, "अहो, आपण आयुष्यभर जिथे भाषण असेल तिथेच जायचे का?"

गाडीतील सगळ्या बायका हसल्या. हसल्या म्हणजे त्यांच्या मनातले कोणी तरी बोलले होते.

पुढच्याच रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात हा विषय मांडला. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, एक दिवस सगळ्या कुटुंबांनी मिळून कुठे तरी जावे, नुसते फिरायला. अपेक्षेप्रमाणे विरोध झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांचा मी आदर करतो, म्हणाले की समाजातील पोरांना फीसाठी पैसे नाहीत आणि तुम्ही मौजमजेवर खर्च करणार? प्रश्न खोटा नव्हता. मी त्यांना एवढेच म्हटले की काका, तुम्ही गिरणीत असताना भरपगारी रजा घेत होता, ती कोणी मिळवून दिली? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी रजा मिळाली आणि १९४६ साली आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराने रजा घेऊन काय करावे, घरी भिंतीकडे बघत बसावे? काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, पण लेणी असली पाहिजेत." अशी तडजोड झाली.

म्हणून गेल्या मे महिन्यातील पहिली सहल कुड्याच्या लेण्यांची निघाली. आपल्यापैकी पुष्कळांनी कार्ले, भाजे, कान्हेरी पाहिले आहे. कुडा मात्र आपल्याच रायगड जिल्ह्यात असून फारसे कोणी जात नाही. मुंबई-गोवा महामार्गाने इंदापूरपर्यंत जावे, तेथून तळा आणि मांदाडच्या बाजूला वळावे. राजपुरीच्या खाडीवरच्या डोंगरात दोन स्तरांत सव्वीस लेणी कोरलेली आहेत. खाली खाडीचे पाणी, पलीकडे हिरवे डोंगर. दुकान नाही, टपरी नाही, पाणी आपले आपण न्यावे लागते.

त्या दिवशी जे पाहिले ते मला मुद्दाम येथे लिहायचे आहे. कुड्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत शिलालेख आहेत. ते भगवानलाल इंद्रजी व बर्जेस यांनी १८८१ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात दान देणाऱ्यांची नावे आहेत. कोण आहेत हे दाते? एक माळी आहे, फुलांच्या माळा करणारा. कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. एक वैद्य आहे, त्याने मुलामुलींची नावेही घातली आहेत. भिक्खुणी आहेत. आणि सहाव्या लेण्यात शिवभूती नावाचा मनुष्य आहे, त्याचा हुद्दा दिला आहे 'लेखक'. हा कवी किंवा ग्रंथकार नव्हे. मांदव कुळातील महाभोज सरदाराच्या पदरी लिहिण्याचे काम करणारा, म्हणजे आजच्या भाषेत कारकून! त्याने पत्नी नंदा हिच्यासह हे लेणे दान दिले. त्याचा धाकटा भाऊ शिवम, तोही लेखनिकच. शिवम, त्याची पत्नी विजया आणि मुलगे यांनी कोरीव मूर्तिकामाचे दान दिले आणि मुलींनी खांबांचे. मुलींची नावे वेगळी कोरली आहेत : सपा, शिवपालिता, शिवदत्ता, सुलसदत्ता.

मी स्वतः पंचवीस वर्षे खर्डेघाशी केली आहे. कारकुनाला कोणी विचारत नाही, हा आमचा नेहमीचा रडगाण्याचा विषय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाचे सगळे घर, बायकोमुलींसकट, दगडावर नावानिशी उभे पाहिल्यावर मी थोडा वेळ बोललो नाही. माझी नववीतली मुलगी त्या चार नावांचा कागद हातात घेऊन वाचत होती. तिने विचारले, "बाबा, या मुली खांबाचे पैसे कुठून आणत असतील?" याचे उत्तर शिलालेखात नाही. मी तिला म्हटले, भिशी लावली असेल. आमच्या महिला मंडळात हा विनोद अजून चालतो.

ही सहल सर्वांना आवडली, एक व्यक्ती सोडून. ती म्हणजे माझी आई. तिचे वय ७६. गुडघ्यांमुळे ती वर चढली नाही, खाली झाडाखाली बसून राहिली. परत आल्यावर मी विचारले, कसे वाटले? तर म्हणाली, "मला सांगितलंस समुद्राकडं चाललोय. ही तर खाडी. खाडी बघायला इतक्या लांब कशाला आणलंस? खाडी पनवेललाच हाय की!"

तिचे म्हणणे चुकीचे म्हणता येणार नाही. आमचे पनवेल हे जुने खाडीचे बंदरच. शिवाय आईची गोष्ट आणखी निराळी आहे. तिचे माहेर पेण तालुक्यातील खारेपाटात. लग्नाआधी आणि लग्नानंतरही तिने मिठागरात काम केले. दिवाळी झाली की मिठाचा हंगाम सुरू व्हायचा तो पाऊस पडेपर्यंत. भरतीला उघाडीतून खारे पाणी आत घ्यायचे, ते कोंडीत पसरायचे, ऊन त्याचे मीठ करायचे आणि बायकांनी ते पाट्यांत भरून डोक्यावरून राशीवर नेऊन टाकायचे. दिवसभर पाय मिठात. आजही तिच्या टाचांच्या भेगा पूर्ण भरलेल्या नाहीत. समुद्राचे पाणी तिने अर्धे आयुष्य पायाखाली तुडवले, पण ते पाणी येते कुठून, तो मोकळा समुद्र तिने पाहिलेला नव्हता. ६ डिसेंबरला दादरला ती अनेकदा गेली आहे. परंतु चैत्यभूमीच्या रांगेत आणि गर्दीत, पोर काखेत आणि डोळ्यांत पाणी, मागे समुद्र आहे हे कोणाच्या लक्षात राहते? मला ही गोष्ट चाळीशी ओलांडल्यावर कळली. इतकी वर्षे विचारलेच नव्हते.

म्हणून यंदाची सहल अलिबाग, चौल व रेवदंड्याची. इतर वसाहतींतील कुटुंबांनाही उपयोग व्हावा म्हणून तिची आखणी सविस्तर देत आहे.

प्रथम ठिकाणे कमी करण्याविषयी. कागदावर आमच्या तरुण मंडळींनी अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरूड आणि जंजिरा असे सहा थांबे लिहून आणले होते. रस्ता एकच आहे हे खरे, रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की पुढे ही सगळी गावे ओळीने येतात. कोर्लईला तर असा एक समाज आहे जो आजही पोर्तुगीज मिसळलेली स्वतंत्र बोली बोलतो. पण म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन एका दिवसात सहा गावे पाहणे म्हणजे सहा ठिकाणी गाडीतून उतरणे आणि पुन्हा चढणे. मी लाल पेन घेऊन चार नावे खोडली. जंजिरा पुढच्या वर्षी, आणि तोही पावसाआधीच, कारण पावसाळ्यात शिडाच्या होड्या बंद असतात.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. पुष्कळ लोक येथेच फसतात. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटी असेल तर किनाऱ्यावरून चालत जाता येते, भरती असेल तर लांबून पाहून परत यावे लागते. आमच्या काही मंडळींनी बुद्धपौर्णिमेची सुट्टी सुचवली. एक तर त्या दिवशी विहारात कार्यक्रम असतो. शिवाय पौर्णिमेला उधाण. कोळी बांधवांचा साधा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वा अकरा, म्हणजे ऐन दुपारी समुद्र भरलेला आणि किल्ल्याची वाट पाण्याखाली. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या पुढे, मे महिन्याच्या उन्हात, आणि तीही भांगाची. भांगाच्या दिवसांत पाणी फार मागे हटत नाही, वाटेत गुडघाभर राहते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती तर सकाळी दहा-साडेदहाला ओहोटी. आमच्यासाठी हीच वेळ योग्य. तेव्हा वैशाख वद्य पंचमी-षष्ठीच्या आसपासचा रविवार ठरला. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा येतात, त्या आदल्या दिवशी पाहाव्यात आणि किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाला विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे. परतताना पाणी चढू लागले असेल तर हिंमत दाखवू नये. दर उन्हाळ्यात बाहेरगावची तरुण मुले कोकणच्या किनाऱ्यांवर बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहता येणाऱ्याचेही समुद्रापुढे चालत नाही.

तिसरी गोष्ट गाडीची. गेल्या वर्षी टेम्पो ट्रॅव्हलर केली होती, ती महाग पडली. कुड्याला त्याशिवाय गत्यंतर नव्हते. अलिबागला मात्र पनवेलहून एसटी आहे आणि अलिबागहून पुढे चौल-रेवदंड्यालाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, त्यात माझी आई बसते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट. अकरा घरांची यादी घेऊन मी हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की पूर्ण तिकिटाची माणसे म्हणजे आम्ही पुरुषच! आधारकार्ड मात्र सोबत ठेवावे. पैसे भरण्यासाठी प्रत्येक घरटी आठवड्याला पन्नास रुपये असे जानेवारीपासून जमा केले, वही महिला मंडळाकडे. एकदम हजार रुपये कोणाच्याही घरातून निघत नाहीत, पन्नास निघतात.

पहाटेची गाडी घ्यावी. पळस्पे सोडल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसतो, मग पेण, मग वडखळ. तेथे गोव्याचा रस्ता डावीकडे सोडून आपण धरमतरच्या खाडीवरून अलिबागकडे जातो. हाच खारेपाट. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. या कांद्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चवीला गोडसर, भाकरीबरोबर कच्चा खावा. परतीला घ्यावा, जाताना घेतला तर दिवसभर ओझे.

पोयनाडच्या परिसरात चरी गाव आहे. गाडी तेथे थांबली नाही तरी मुलांना खिडकीतून दाखवावे आणि पुढील हकीकत सांगावी. १९३३ साली चरी व आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी खोतांची जमीन कसणार नाही असे ठरवले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे शेते ओसाड राहिली, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब १९३४ साली चरीला आले. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्यात आगरी होते, कुणबी होते, महार होते. आईला मी विचारले, तुमच्याकडे याबद्दल काही बोलत असत का? ती म्हणाली, तिचे वडील एवढेच सांगत की खोताच्या दारात उभे राहून पायली मोजून द्यायचे दिवस गेले ते बाबासाहेबांमुळे. ज्येष्ठ काकांनाही हे ठिकाण यादीत आहे म्हटल्यावर यंदा लेणी नसल्याची तक्रार उरली नाही.

अलिबागला उतरल्यावर सरळ किनाऱ्यावर. किल्ला शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ते ठाणे झाले, हे मुलांना पुस्तकात असते. पुस्तकात नसलेली एक गोष्ट अशी की अलिबागला पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आहे. ती मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले तेव्हा विजेमुळे मापे बिघडतील म्हणून १९०४ साली ती येथे हलवली. विज्ञान शिकणाऱ्या मुलांना हे नक्की सांगावे. अलिबागची वाळू काळसर आणि चिखलमिश्रित आहे. जाहिरातीतील पांढऱ्या वाळूची अपेक्षा ठेवून आलेल्यांची निराशा होते, आम्ही ती ठेवलेली नाही.

दुपारचे जेवण चौल-रेवदंड्याच्या नारळी-सुपारीच्या बागांच्या सावलीत. डबे घरूनच : तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी, कैरी आणि भरपूर पाणी. डब्यांविषयी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघेच एका किनाऱ्यावरच्या गावी गेलो होतो. तेथे एका घरगुती खानावळीत बाईंनी पाने मांडता मांडता नाव विचारले. मी नाव सांगितले. त्यांनी आडनाव विचारले. मी आडनाव सांगितले. नंतर त्यांना आठवले की आजची पाने आधीच ठरलेली आहेत. आम्ही उठलो, मुलांना भजी घेऊन दिली. मुलगा तेव्हा लहान होता, तो अजून म्हणतो की त्या गावची भजी छान होती. यंदा डबे न्यायचे ठरले तेव्हा मी पत्नीला विचारले की आपण त्यामुळेच नेतो आहोत का? ती म्हणाली, "छे! अकरा घरांना ताटे परवडतील का? पण रेवदंड्याला चहा मात्र हॉटेलात बसूनच प्यायचा, टेबलाशी, सगळ्यांनी." हा खर्च वहीत वेगळा धरला आहे.

चौल पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज ते बागांचे शांत गाव आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी मोठे बंदर होते, ग्रीक दर्यावर्दींनाही ठाऊक असलेले. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमुल गावच्या दात्यांची नावे आहेत. चेमुल म्हणजे हेच चौल. येथे माल उतरवून पैसा कमावलेल्या माणसांनी त्यातला वाटा भिक्खूंच्या निवाऱ्यासाठी दिला. म्हणजे कुड्याच्या कारकुनाप्रमाणे येथील उपासकही समुद्राच्या वाऱ्यात वाढलेले. आपल्या चळवळीलाही समुद्र परका नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले व २५ तारखेला दासगावला उतरले, याच किनाऱ्यासमोरून पुढे गेले. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाजवळून समुद्राकडे बघताना मुलांना ही बोट कोणत्या बाजूने गेली असेल ते दाखवायचे माझ्या मनात आहे.

संध्याकाळी साडेचार-पाचला परतीची गाडी धरली तर रात्री वेळेत पनवेल. सोमवारी बहुतेकांची पहिली पाळी असते. सोबत प्रत्येकाने टोपी किंवा पंचा, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या आणि कचऱ्यासाठी एक पिशवी घ्यावी.

आईला हे सगळे वाचून दाखवले. तिने दोनच प्रश्न विचारले. खारेपाट आला की तिला खिडकीशी बसवणार का, हा पहिला. त्याला सर्वांनी होकार दिला. दुसरा, चपला कुठल्या घालू? मी म्हटले, ओल्या वाळूत अनवाणीच चालायचे. ती आपल्या टाचांकडे बघून म्हणाली, "भेगांना मीठ झोंबतं रे." तेव्हापासून रोज रात्री माझी मुलगी तिच्या टाचांना कोकमतेल चोळून देते. सहलीला अजून अकरा दिवस आहेत.